जुना कॉम्प्युटर, नवा ब्राउझर आणि एक अर्ज

2025 च्या जून महिन्याचा पहिला आठवडा होता. बकरी ईद तोंडावर आलेली. घरात साफसफाई चालू होती, मसाले वाळत घातले होते आणि उन्हाने मंगरूळपीर तापले होते. असरनंतर दार वाजले. आमच्या शाळेतून नुकतीच दहावी झालेली एक मुलगी आपल्या अम्मीसोबत उभी होती. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड.

"आपा, हिचा अकरावीचा फॉर्म भरून द्या. सेंटरवर दोनदा जाऊन आलो, गर्दी हटतच नाही. मुदत संपत आली. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे म्हणून आलो," अम्मी म्हणाली.

अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरते होते. आमच्याकडे मुलीचा हात धरून कॉलेजात जायचे, फॉर्म लिहायचा आणि पावती घ्यायची, एवढेच माहीत. 2025-26 पासून हीच पद्धत साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली आणि वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतील पालकांसमोर लॉगिन, पासवर्ड, ओटीपी आणि कॉलेजांचे दहापर्यंत पसंतीक्रम एकदमच येऊन उभे राहिले. या मुलीचे अब्बा पुण्याला बांधकामावर कामाला. घरातला एकुलता एक स्मार्टफोन त्यांच्याकडे, आणि ओटीपी त्याच नंबरवर जाणार. मुलीला विज्ञान शाखा हवी होती. फॉर्म राहिला तर पहिली फेरी हातची जाणार होती. मग उरेल ते कॉलेज, नाहीतर "पुढच्या वर्षी बघू". "पुढच्या वर्षी बघू" म्हणून घरी बसलेल्या किती मुली परत शाळेकडे फिरकल्या, हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे.

मी मोठ्या विश्वासाने कॉम्प्युटर चालू केला.

चौदा वर्षांचा सोबती

हा कॉम्प्युटर 2011 साली हप्त्यांवर घेतलेला. त्याआधी मी एमएस-सीआयटी केले होते, ते विंडोज एक्सपीवर. घरी आला तो विंडोज 7 घेऊन. त्याच्यावर मी चौदा वर्षे प्रश्नपत्रिका टाइप केल्या. उर्दूच्या इनपेजमध्ये, मराठीच्या कृतिदेवमध्ये. इनपेज हे उर्दू टायपिंगचे सॉफ्टवेअर 1994 पासूनचे. नस्तालीक लिपीत सुबक मजकूर हवा तर उर्दू शाळांना अनेक वर्षे त्याच्यावाचून गत्यंतर नव्हते. माझ्या इनपेजची आवृत्ती जुनी आहे आणि ती या कॉम्प्युटरवर बिनतक्रार चालते. सोबत जोडलेला प्रिंटर-स्कॅनरही तितकाच जुना. म्हणून घरचे "आता विकून टाक" म्हणाले तरी मी तो विकला नाही.

त्या संध्याकाळी मात्र त्याने मान टाकली. क्रोम उघडला, प्रवेशाचा पत्ता टाकला आणि लाल खूण आली: तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मी वायफाय बंद-चालू केले. केबल काढून लावली. शेवटी बहिणीचा मुलगा, जो बारावीला आहे आणि सुट्टीत आमच्याकडे आला होता, त्याचे लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेले.

"खाला, हा तर 2009 मध्ये बसलाय!"

खरोखर तारीख 1 जानेवारी 2009 दाखवत होती. आम्ही तारीख बरोबर केली आणि पान उघडले. मला हायसे वाटले. पण रजिस्ट्रेशनच्या पानावर पुढे जाण्याचे बटण काही दबेना. वर एक पिवळी पट्टी दिसत होती. तिच्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिले होते. मी ती पट्टी बंद केली. गेली दोन वर्षे मी ती बंदच करत आले होते.

"ब्राउझर जुना आहे, खाला. अपडेट मारतो," भाचा म्हणाला.

अपडेट होईना. मग तो मित्राच्या नव्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हमध्ये क्रोमची पूर्ण फाइल घेऊन आला. "आधी जुना काढून टाकू, मग नवा स्वच्छ बसेल," असे म्हणून त्याने जुना क्रोम काढला. काढताना "माहितीही पुसायची का?" असे विचारणाऱ्या चौकटीवर खूण केली. नवा बसवायला घेतला तर कॉम्प्युटरने सांगितले की ही फाइल तुमच्या विंडोजशी जुळत नाही. पुन्हा क्लिक, पुन्हा तोच निरोप. आता जुना क्रोमही गेला होता आणि नवाही नव्हता. शाळेच्या कामाच्या साइट, साठवलेले पासवर्ड, सारे त्याच्यासोबत गेले. उरला तो इंटरनेट एक्स्प्लोरर. त्याच्यात प्रवेशाचे पान तर सोडाच, नवा ब्राउझर उतरवून घेण्याचे पानसुद्धा धड उघडेना.

ओळखीच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून देतो, नवी विंडोज टाकतो. उद्या पाठवा." माझ्या डोळ्यांसमोर चौदा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आल्या.

या सगळ्यात दोन तास गेले. मगरिब होऊन गेली. ती मुलगी मांडीवर पिशवी घेऊन तशीच बसलेली. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या मोबाईलवर नाही भरता येत का?"

मी भाच्याकडे बघितले, भाच्याने माझ्याकडे. टेबलावर माझा मोबाईल पडला होता. तो घेऊन दोनच वर्षे झाली होती आणि त्याचा ब्राउझर आपोआप ताजा होत होता. कॉम्प्युटर मोठा, मोबाईल छोटा, म्हणून फॉर्मसारखे "मोठे काम" कॉम्प्युटरवरच व्हायला हवे, ही माझ्याच डोक्यातली गाठ होती. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तीन टिंबांच्या यादीतून "डेस्कटॉप साइट" निवडले. कागदांचे फोटो काढले. पुण्याला फोन लावून ओटीपी मागवला. आकडे सांगताना त्या बापाचा आवाज कामगिरीवर असल्यासारखा होता. पाऊण तासात फॉर्म भरून झाला. पसंतीक्रम मुलीने स्वतः लावले. अम्मीने घरी जाताना दोनदा विचारले, "झाला ना आपा? नक्की झाला ना?"

झाला होता. पण मला रात्री झोप लागली नाही.

मी पट्टी वाचलीच नव्हती

वीस वर्षे मी वर्गात एकच गोष्ट सांगत आले आहे: आधी प्रश्न नीट वाचा. अर्धी मुले उत्तर येत नाही म्हणून चुकत नाहीत, प्रश्न न वाचता लिहायला लागतात म्हणून चुकतात. आणि इथे कॉम्प्युटर दोन वर्षे मला काय सांगत होता, ते मी एकदाही वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणतीही घाई नव्हती. मी वही घेऊन बसले आणि पडद्यावर येणारा प्रत्येक निरोप शब्दशः लिहून काढला. भाचा मोबाईलवर एकेकाचा अर्थ शोधत गेला. दुपारपर्यंत आमच्या लक्षात आले की आदल्या रात्री आम्ही एका बिघाडाशी झगडत नव्हतो. तीन निरनिराळे बिघाड एकात एक अडकले होते.

पहिला, घड्याळाचा. कॉम्प्युटरच्या आत, मदरबोर्डवर, लहान नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्याचे नाव सीआर 2032, तीन व्होल्टचा. वीज बंद असतानाही तारीख आणि वेळ तोच जपतो. तो संपला की प्लग काढताच कॉम्प्युटर आपल्या जन्मकाळात परत जातो. त्याचा इंटरनेटशी काय संबंध? प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असते आणि त्याच्यावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असे लिहिलेले असते. 2025 मध्ये दिलेले प्रमाणपत्र 2009 मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला खोटे वाटणारच. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, झाकण उघडून तो बदलता येतो. हात बसत नसेल तर दुकानात पाच मिनिटांचे काम.

दुसरा, विंडोजचा. ज्या पिवळ्या पट्टीला मी फुली मारत होते, तिच्यावर लिहिलेले होते की या कॉम्प्युटरवर विंडोज 7 आहे, आणि क्रोमचे पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज 10 किंवा त्यानंतरची विंडोज लागेल. म्हणजे अपडेट अडकले नव्हते. ते येणारच नव्हते. विंडोज 7 साठी क्रोमची शेवटची आवृत्ती 109. त्यानंतरची 110 फेब्रुवारी 2023 मध्ये आली, ती विंडोज 7 आणि 8.1 यांना वगळूनच.

तिसरा, बिटचा. पेन ड्राइव्हमधून आणलेली फाइल 64 बिटची होती आणि माझी विंडोज 32 बिटची. मित्राचा लॅपटॉप नवा, त्याने स्वतःला चालणारी फाइल उतरवून दिली. कुलूप आपले आणि किल्ली शेजाऱ्याची, असा प्रकार.

मातीच्या भिंतीवर स्लॅब

हे सगळे होते तरी का? ब्राउझर म्हणजे आपण इंटरनेट ज्यातून बघतो ते सॉफ्टवेअर: क्रोम, फायरफॉक्स, एज. ते स्वतःच्या बळावर उभे नसते. त्याच्याखाली विंडोज असते आणि विंडोजच्या खाली यंत्र असते. आमच्याकडे जुन्या मातीच्या घरावर टिनपत्रे बदलतात, पण स्लॅब टाकायचा म्हटले की मिस्त्री आधी भिंतीवर हात मारून बघतो आणि "ही झेपणार नाही" म्हणतो. जुना क्रोम म्हणजे टिनपत्रे होती. नवा क्रोम स्लॅब आहे.

मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 ऑक्टोबर 2009 मध्ये बाजारात आणली. 14 जानेवारी 2020 ला तिची सर्वसाधारण देखभाल थांबवली, आणि पैसे भरून मिळणारी जादा सुरक्षा 10 जानेवारी 2023 ला संपली. त्यानंतर चारच आठवड्यांत क्रोमनेही हात काढून घेतला. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या एजचेही तेच झाले, तोही 109 वर थांबला. यापूर्वी एक्सपीच्या वेळी हेच घडले होते. एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 ला संपली आणि एप्रिल 2016 मध्ये क्रोमने एक्सपी सोडली. इंटरनेट एक्स्प्लोरर 11 ला तर जून 2022 मध्येच निवृत्ती मिळाली. ज्याच्या भरवशावर माझा भाचा नवा ब्राउझर उतरवू पाहत होता, तो गडी केव्हाच पेन्शनीत गेला होता.

दुसरीकडे साइटही बदलत जातात. माहिती गुप्त ठेवून पाठवण्याच्या जुन्या पद्धती धोक्याच्या ठरल्या म्हणून 2020 च्या सुमारास सगळ्या मोठ्या ब्राउझरनी त्या सोडायला सुरुवात केली. पाने बनवणारेही नव्या सोयी वापरतात आणि त्या जुन्या ब्राउझरला कळत नाहीत. म्हणून पान दिसते, पण बटण दबत नाही. आपल्याला वाटते साइट बंद आहे. साइट चालू असते, आपलीच खिडकी जुनी झालेली असते.

अपडेट होत नसेल तर काय बघावे

त्या दिवशी वहीत उतरलेला क्रम इथे देते. शाळेत, मशिदीच्या ट्रस्टच्या कार्यालयात, घरी, जिथे जुना कॉम्प्युटर असेल तिथे हा कामी येईल.

1. काम आधी, दुरुस्ती नंतर. मुदत जवळ असेल तर अर्ज मोबाईलवरून, शेजाऱ्याकडून, सेंटरवरून, जसा जमेल तसा आधी भरा. यंत्राशी उद्या भांडता येते.

2. निरोप कागदावर लिहा किंवा मोबाईलने त्याचा फोटो काढा. फुली मारू नका. "काहीतरी एरर येतोय" असे म्हटल्यावर कोणताही जाणकार मदत करू शकत नाही.

3. तारीख आणि वेळ बघा. वर्षसुद्धा बघा.

4. कीबोर्डवरचे विंडोजचे बटण आणि पॉझ हे बटण एकदम दाबा. उघडलेल्या चौकटीत विंडोज कोणती, रॅम किती आणि सिस्टिम 32 बिटची की 64 बिटची, हे तिन्ही दिसते. लिहून ठेवा.

5. ब्राउझरची आवृत्ती बघा. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर, तिथे हेल्प, त्यात अबाउट गूगल क्रोम. अपडेट करण्याची खरी जागाही हीच. अपडेट येणार असेल तर इथे आपोआप सुरू होते.

6. सी ड्राइव्हमध्ये जागा आहे का बघा. लग्नाचे व्हिडिओ आणि फोटो यांनी तो गच्च भरलेला असला तर नवे काही बसत नाही. लाल पट्टी दिसली की समजावे.

7. कॉम्प्युटर एकदा पूर्ण बंद करून चालू करा. अर्धवट राहिलेले अपडेट पुष्कळदा एवढ्यानेच पूर्ण होते.

8. शाळेच्या कक्षातला कॉम्प्युटर असेल तर आधी एक चौकशी करा. काही ठिकाणी मुलांनी सेटिंग बिघडवू नये म्हणून असे सॉफ्टवेअर टाकलेले असते की कॉम्प्युटर बंद-चालू केला की तो मूळ स्थितीत परत जातो. मग आज बसवलेला ब्राउझर उद्या गायब. ते कुलूप उघडूनच अपडेट करावे लागते.

9. नवा बसून चालू होईपर्यंत जुना काढू नका. दोन ब्राउझर एकाच कॉम्प्युटरवर गुण्यागोविंदाने नांदतात. पासवर्ड आधी वहीत उतरवा आणि वही कपाटात ठेवा.

आम्ही चौथ्या पायरीवर पोचलो तेव्हाच उत्तर स्पष्ट झाले. विंडोज 7, 32 बिट, 2 जीबी रॅम. नवा क्रोम बसणे शक्यच नव्हते.

आमच्या कामी काय आले

मोझिला या संस्थेचा फायरफॉक्स नावाचा ब्राउझर मोफत मिळतो. त्याची 115 ही जुलै 2023 ची आवृत्ती विंडोज 7 आणि 8.1 वर चालणारी शेवटची. तिचा लांब मुदतीचा एक प्रकार आहे, त्याला ईएसआर म्हणतात. त्यात नवी सजावट येत नाही, पण सुरक्षेची दुरुस्ती येत राहते. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी मोझिलाने ही मुदत एकदा नव्हे, अनेकदा वाढवली. भाच्याने मोबाईलवर मोझिलाच्याच साइटवरून 32 बिटची फाइल उतरवली, डेटा केबलने कॉम्प्युटरमध्ये टाकली, आणि ती पहिल्याच झटक्यात बसली. आदल्या रात्री न दबलेले बटण आता दबत होते. मुलीच्या फॉर्मची प्रत माझ्या जुन्या प्रिंटरने छापली.

हा उपाय कायमचा नाही, हे मला ठाऊक आहे. ब्राउझर ताजा झाला तरी खालची विंडोज जुनीच आहे आणि तिच्यातल्या फटी आता कोणी बुजवत नाही. म्हणून मी घरात एक नियम केला: या कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका, वाचन, छपाई एवढेच. बँकेचे व्यवहार आणि पैसे पाठवणे या कॉम्प्युटरवर करायचे नाही.

आणि फॉर्म भरून देणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. लोक आपल्या हातात आधार, ओटीपी, पासवर्ड देतात, ती अमानत असते. "पासवर्ड साठवू का?" असे ब्राउझरने विचारले तर "नको" म्हणा. काम झाले की लॉगआउट करा आणि कागदांचे फोटो मोबाईलमधून पुसून टाका. त्या रात्री मी फोटो पुसले नव्हते. सकाळी आठवण झाली तेव्हा पुसले.

या गोष्टी करू नका

एखादी साइट बघताना मध्येच "तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे दाबा" असा मोठा फलक आला तर दाबू नका. अशा खोट्या अपडेटच्या नावाने व्हायरस घालण्याचा धंदा जगभर चालतो. अपडेट ब्राउझरच्या आतूनच करावे, किंवा ज्याचा ब्राउझर त्याच्याच साइटवरून घ्यावे. "फुल व्हर्जन फ्री" म्हणणाऱ्या परक्या साइटवरून कधीच नाही. एवढे करूनही फसवणूक झाली, पैसे गेले, तर 1930 या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड.

दुसरे, "फॉरमॅट" या शब्दाला लगेच हो म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे घर रिकामे करून धुणे. आधी सामान बाहेर काढावे लागते. इनपेजच्या फाइली, कृतिदेवमधला मजकूर, फोटो, सगळे पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का ते तपासून मगच हो म्हणा. इनपेजची फाइल उघडायला इनपेजच लागते, आणि कृतिदेवचा फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मी त्याच आठवड्यात सगळ्या प्रश्नपत्रिका दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. नव्या प्रश्नपत्रिका आता युनिकोडमध्ये टाइप करायला लागले आहे, कारण युनिकोडमधला उर्दू-मराठी मजकूर कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर उघडतो.

तिसरे, चोरीची विंडोज. ती स्वस्तात पडते, पण पुष्कळदा तिचे अपडेट बंद करून ठेवलेले असतात आणि आत काय भरले आहे ते आपल्याला कळत नाही. मग ज्या सुरक्षेसाठी विंडोज बदलायची, तीच मिळत नाही.

मग जुन्या यंत्राचे करायचे काय?

विंडोज हाच एक रस्ता नाही. लिनक्स ही मोफत प्रणाली आहे आणि तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर चालतात. केरळमधल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात. आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाची लिनक्स तयार केली आहे. लिनक्स मिंटला कमीत कमी 2 जीबी रॅम लागते, पण 4 असलेली बरी. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की विंडोज 32 बिटची असली म्हणजे प्रोसेसरही 32 बिटचा असतोच असे नाही. बऱ्याच यंत्रांत 64 बिटच्या प्रोसेसरवर 32 बिटची विंडोज टाकलेली असते, आणि त्यांच्यावर आजची लिनक्स चालू शकते. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवूनही बघता येते. पसंत पडली नाही तर पेन ड्राइव्ह काढा, कॉम्प्युटर पहिल्यासारखा. हे मी माझ्या यंत्रावर करून पाहिले. ब्राउझर ताजा मिळाला, फक्त इनपेज चालले नाही. म्हणून विंडोज ठेवली आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात ठेवला.

ज्यांच्याकडे विंडोज 10 आहे त्यांनीही आताच कागद काढावा. तिची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षेची नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदत मिळते. विंडोज 11 ला 4 जीबी रॅमबरोबर टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आज चांगले चालणारे पुष्कळ कॉम्प्युटर तिथे अडतील. क्रोम आणि फायरफॉक्स विंडोज 10 वर अजून चालू आहेत, पण विंडोज 7 चा अनुभव सांगतो की ही पट्टी एक दिवस तिथेही येईल. शाळेने, ट्रस्टने कॉम्प्युटर घेताना "स्वस्तात जुना मिळतोय" एवढेच न बघता त्याच्यावर कोणती विंडोज किती वर्षे चालेल हे विचारून घ्यावे.

माझ्या मॉनिटरच्या कडेला आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर चार ओळी: विंडोज 7. 32 बिट. रॅम 2 जीबी. सेल बदलला, जून 2025. भाच्याने त्याखाली पेन्सिलने लिहून ठेवले आहे, "खाला, आधी वाचा, मग क्लिक करा."

त्या मुलीला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला. घरापासून कॉलेज लांब आहे, पण ती एसटीने जाते. मध्ये एकदा ती आली तेव्हा सोबत मोहल्ल्यातल्या दोन मुली होत्या, दोघी यंदा दहावीला. कॉलेजांची यादी कशी बघायची आणि पसंतीक्रम कसे लावायचे, हे ती त्यांना माझ्याच मोबाईलवर दाखवत होती. मी नुसती बाजूला बसले होते.